अनुसयाबाईच्या दोन बाटल्या

"मेली व माय! ही ते फिल्म नोहे!"

अंधाऱ्या खोलीतून अनुसयाबाईचा आवाज आला अन् माह्या कडेवरचं लेकरू दचकून रडाले लागलं. बाहेर ओट्यावर सुखदेवभाऊजी ट्रंकेवर बसेल होते. संध्याकाळच्या गाडीनं त्यायले पलटणीत परत जायचं होतं अन् त्या गाडीच्या आत मले फोटो पाह्यजे होता. फोटो काढून झाल्ता. लेकरू हसलं होतं, खरंच हसलं होतं, खालचे दोन दात दाखवून. आता फक्त धुवायचा राह्यला होता, अन् आतून हा असा आवाज.

"काय झालं मावशी?"

"आत ये."

"उजेड येईन ना!"

"ये म्हणतो ना पोरी! ह्या फिल्मले लाल उजेड दिसतच नाई, आंधळी हाय ती. लाल कंदील लावला म्या. ये अन् पडदा नीट लाव."

मी आत गेली. त्या खोलीत कोणी जात नसे. लाल उजेडात अनुसयाबाई फिल्म कडेनं धरून उभी होती.

झालं असं का अनुसयाबाई फिल्मचे डबे रांजणाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवे. आमच्या शेगावच्या उन्हात फिल्म टिकत नाई म्हणे. अंधारात बोटानं ओळखू यावे म्हून डब्याले दोरा बांधे, एक गाठ माणसाची, दोन गाठी कागदाची. माणसाची फिल्म म्हंजे तुमचेआमचे फोटो काढायची. कागदाची म्हंजे जुन्या कागदायच्या, नकाशायच्या नकला काढायची. तिच्यात पांढरं ते पांढरंच अन् काळं ते काळंच, मधातलं काहीच नाई. ओल्या फडक्यानं दोरा सडला, दुसरी गाठ गळून पडली. माणसाची फिल्म कव्हाच सरली होती अन् हिले वाटे एक हाय. माह्या लेकराचा फोटो निघाला कागदाच्या फिल्मवर, अन् ते हिले आत धुवाले गेल्यावर बोटानं कळलं.

"दुसरा काढा ना मावशी."

"कशावर काढू, तव्यावर? हीच शेवटची होती. लढाई लागल्यापासून अकोल्याचा दुकानदार मले पाहून दुरूनच हात हलवते."

मी भिंतीले टेकली.

हा फोटो एवढा काऊन पाह्यजे होता ते सांगतो. मी चवथी शिकेल, मले सारं एका दमात सांगायची सवय हाय, तुम्ही समजून घ्या. लेकराचे बाबा पलटणीत हायेत, तिकडं बर्फात. सुट्टीवरून गेले अन् मंग गौतम झाला, पण आठव्याच महिन्यात झाला. माह्या सासूनं बाळंतिणीच्या खाटेजवळ उभं राहून बोटं मोजली. मले काही म्हटलं नाई. कोणाच्या तरी हातून तिकडं पत्र लेहून धाडलं. मंग सुखदेवभाऊजी सुट्टीवर आले, ते ह्यायच्याच पलटणीतले, अन् खाली पाहून बोलले, "वहिनी, त्यानं लेकराचा फोटो सांगतला." बस. आणखी काही नाई. सासू म्हणे, "फोटो पाहून तो काय म्हणते त्यावर ठरन, तू अठीच राह्यशीन का सोनाळ्याले जाशीन बापाच्या घरी." सोनाळ्यात माह्या दोन बहिणी लग्नाच्या हायेत. मी लेकरू घेऊन परत गेली तं त्यायले कोण पाह्याले येईन?

खरं काय ते मले माहीत हाय. अन् गौतमच्या बापाच्या डाव्या कानाखाली तपकिरी डाग हाय, आईच्या पोटातून आणेल. गौतमलेबी तिथंच हाय. जन्मला तव्हा नव्हता, मंग हळूहळू वर आला. सासू म्हणे, मळ हाय. बेसन लावून घासे. लेकरू लाल होये, डाग काही जाये नाई. तरी म्हणे, मळच हाय.

आता अनुसयाबाई कोण ते सांगितल्याबिगर पुढं जाता येत नाई.

आमच्या घराच्या मांगं तिचा स्टुडिओ. तिच्या मालकानं टाकेल, मालक गेल्यावर हिनं चालवला. देवदर्शनाले आलेले लोक येत, पडद्यापुढं उभे राहत, पडद्यावर तळं अन् हंस. मी कधी तिले बसेल पाह्यलं नाई. भाकर हातावर घेऊन उभ्यानं खाये, खाता खाता दारापर्यंत जाये, परत ये, गिऱ्हाइकाची मान वळवे, परत भाकरीचा तुकडा मोडे. खुर्ची एकच, ती फोटोतल्या माणसाची. "बसली का मेली समजा मले," असं म्हणे. तिच्याजवळ दहा मिनिटं उभं राह्यलं का आपलेबी पाय हलाले लागत.

उजव्या हाताची बोटं काळी, अर्ध्यापर्यंत, फोटो धुवायच्या मसाल्यानं. कितीक घासली तरी निघत नसत. नळावरच्या बाया कुजबुजत अन् ती मुद्दाम बोटं नाचवे, "पाह्यून घ्या व! ह्याच बोटानं तुमची थोबाडं धुतली म्या!"

मसाल्याले थंड पाणी लागे. आमच्या विहिरीचं पाणी थंडगार, पण आमच्या वस्तीतलं पाणी गावातले सारेच घेतात असं नाई. हिनं पह्यल्याच दिवशी विचारलं, "थंड हाय ना? मंग झालं." तव्हापासून मी रोज घागर नेऊन दे. ती पाण्यात कोपर बुडवून पाहे, लेकराच्या आंघोळीचं पाहतात तसं, अन् मंग सांगे, हो का नाई.

मसाले दोन. एक नरम, एक कडक. दोन्ही बाटल्या दारूच्या, लेबल खरडून काढेल. नरम मसाल्याच्या बाटलीच्या गळ्याले कापूस बांधेल, कडकच्या गळ्याले सुतळी, अंधारात हाताले कळावं म्हून. "नुसती मेटॉलची पूड घातली तं नरम," ती मले सांगे, मले काय कळे त्यातलं, पण सांगे, "हायड्रोच्या पुडीसंग कॉस्टिक घातलं, साबणाचं कॉस्टिक असते ना ते, तं कडक. नरम मसाला साऱ्यायचं ऐकून घेते. कडक दोघायचंच ऐकते, जो लय गोरा त्याचं अन् जो लय काळा त्याचं. मधातल्याले हाकलून देते."

एकदा रोहिणखेडचा एक बाप आला, संग लग्नाची पोरगी. पोरगी सावळी, नाकीडोळी चांगली. बाप म्हणे, "बाई, जराशी गोरी निघू द्या, पाहुण्यायले दाखवाचा हाय."

"गोरी करून देतो," अनुसयाबाई म्हणाली. "कडक मसाल्यात घालतो. पण मंग नाकबी जाईन तिचं. चालते का बिननाकाची?"

पोरगी हसली अन् तेवढ्यात हिनं फोटो काढून टाकला. तो फोटो नरम मसाल्यात धुतला. पोरगी त्यात सावळीच होती अन् हसत होती. लग्न जमलं का नाई मले माहीत नाई, पण तो फोटो मालकानं काढेल जुन्या फोटोयच्या जागी तिनं काचेत लावला होता.

कडक मसालाबी तिनं वापरला हाय. पूर्णा नदीत एक माणूस वाहून आलता, ओळखू येत नव्हता. शिपाई हिले घेऊन गेले. त्याच्या दंडावर गोंदण होतं, काळ्या कातडीवर हिरवं, फुगून गेलेलं, डोळ्याले काही लागत नव्हतं. हिनं त्या दंडाचा फोटो कडक मसाल्यात धुतला अन् नाव वर आलं, पाटीवर लेहावं तसं. त्याचा भाऊ हुडकत आला अन् स्टुडिओच्या ओट्यावर पडून रडला. ती त्याच्याभोवती चकरा मारत होती, चहाचा कप हातात घेऊन, देत बी नव्हती अन् ठेवत बी नव्हती. मंग मले म्हणे, "मेलेल्याले कडक मसाला चालते व. जित्याले नको."

भिंतीवर साऱ्या गावाचे फोटो, पण तिच्या मालकाचा एकबी नाई. म्या विचारलं तं म्हणे, "तो कॅमेऱ्याच्या मांगं राहे. पुढं आलाच नाई कधी. लय घाई केली त्यानं."

अन् एक सवय. लेकराचा फोटो काढायचा असला का ती आपल्या बोटानं काजळाची तीट लावे, गालावर. आईनं लावेल असली तरी आपली एक लावे. कोणाच्या बापाचं ऐकत नसे. "कॅमेऱ्याहून मोठा डोळा पाह्यला का व कोणता?" म्हणे. त्या दिवशी गौतमलेबी लावली. ओट्यावर सासू म्हणे, "हाय तेवढे डाग पुरे नाई का?" तरी लावली, डाव्या गालावर.

हं, तं लाल उजेडात आम्ही दोघी उभ्या. अनुसयाबाईनं फळीवरून दोन्ही बाटल्या काढल्या अन् माह्यापुढं धरल्या.

"बोल पोरी. तोंड पाह्यजे का डाग?"

"म्हंजे?"

"नरममधी घातली तं तोंड येईन. पातळ येईन, पण नाक, डोळे, हसू, सारं येईन. डाग मातर तपकिरी हाय, तो सावलीत मिसळून जाईन, हाय का नाई कळणार नाई. कडकमधी घातली तं डाग कोळशासारखा येईन, आंधळ्यालेबी दिसन. पण तोंड जाईन. उजेडाकडचा गाल चुना, इकडचा अंधार."

"अर्धं अर्धं नाई होत का?"

"चहा हाय का हा, अर्धं दूध अर्धं पाणी? ह्या फिल्मचा मले भरोसा नाई. मधातलं कराले गेली तं दोन्ही जाईन."

"मावशी, तुम्हीच सांगा ना."

"अन् मंग नांदाले कोण राह्यन, तू का मी?"

बाहेरून भाऊजीचा आवाज आला, "वहिनी, उशीर होऊन राह्यला."

मी पडद्याले तोंड लावून विचारलं, "भाऊजी, त्यायनं फोटो सांगतला तव्हा काय म्हणाले? नीट आठवा."

"म्हणाला, लेकराचा फोटो आण."

"आणखी?"

"आणखी काय वहिनी. बंदूक पुसत होता."

"हसून म्हणाले का रागानं?"

"मान खाली होती त्याची."

आता तुम्हीच सांगा, ह्यातून बाईनं काय समजावं? मान खाली घालून माणूस बंदूक पुसते तव्हा त्याले लेकराचं तोंड पाह्यजे असते का डाग? अन् तेवढ्यात सासू ओट्यावरून ओरडली, "डाग दिसला पाह्यजे व! का घासून गेला मळ?"

गौतम माह्या खांद्यावर तोंड पुसत होता. लाल उजेडात मले त्याचे दात दिसत होते.

"डाग," मी म्हटलं.

अनुसयाबाईनं कापसाची बाटली फळीवर ठेवली, हळू, झोपलेलं लेकरू ठेवतात तशी. सुतळीच्या बाटलीचं बूच दातानं काढलं. खोलीत उग्र वास भरला. तबक हलवत राह्यली, इकडून तिकडं, पायबी हलत होते तिचे. मी पाहत होती. फिल्मवर सारं उलटं येते, काळ्याचं पांढरं. एक मोठा काळा ठिपका वर आला, तो गाल. अन् त्या काळ्यात कानाखाली एक पांढरं बीळ पडलं.

"आला तुहा डाग," ती म्हणाली. मंग वाकली. मंग आणखी वाकली. "अव माय... अन् हा दुसरा?"

पह्यल्याच्या बाजूले दुसरं बीळ. तेवढंच. तसंच.

तिनं आपलं उजवं बोट लाल उजेडात धरलं अन् पाहत राह्यली. काजळ लावणारं बोट. मंग त्या हातावर डाव्या हातानं फाडकन मारलं.

"पुसता नाई येत का?" मी विचारलं.

"येते. लाल शाईनं बुजवता येते. पण खोडेल जागा दिसतेच पोरी. एक खोडेल दिसला तं तुहा नवरा म्हणन, दुसराबी शाईनंच काढेल असन." अन् तिकडून सिग्नल पडला म्हून कोणीतरी ओरडलं.

फिल्म स्पिरिटात बुडवून वाळवली, कागदावर उतरवली. फोटो निघाला. डोळ्याच्या जागी दोन काळे खड्डे, तोंडाच्या जागी एक रेघ, दात गेले, हसू गेलं, अर्धा गाल चुन्याचा अन् त्यावर दोन काळे डाग शेजारी शेजारी. माह्या लेकराले मी ओळखलं नसतं. अनुसयाबाई प्रत्येक फोटोच्या मांगं स्टुडिओचा शिक्का मारे, मारतांना लय खूश राहे. तिनं शिक्का उचलला, शाईवर टेकवला अन् परत ठेवून देल्ला.

"हा फोटो नोहे," म्हणे. "हा पंचनामा हाय."

भाऊजीनं ओला फोटो वर्तमानपत्रात दाबून नेला. गाडी गेली.

मंग कार्ड आलं, लय दिवसानं. सासूनं पोस्टमनले ओट्यावरच वाचाले लावलं, साऱ्या गल्लीत. पोस्टमन बिचारा वाचे अन् माह्याइकडं पाहे. मी बरा हाय, थंडी लय हाय, आईची तब्येत कशी हाय. अन् मंग, "फोटो भेटला. दोन डाग कशाचे? मले तं एकच हाय. लेकराचं तोंड कसं हाय ते लेह."

सासूनं टाळी वाजवली. "काजळ! काजळ लावून धाडलं व हिनं!" गल्लीतल्या बाया हसल्या. म्या पोस्टमनच्या हातातून कार्ड घेतलं अन् स्वतः वाचलं, एकेक अक्षर. लेकराचं तोंड कसं हाय. हे रागानं लेहलं का मायेनं? शाईवरून मले काही कळलं नाई. पलटणीतलं अक्षर साऱ्यायचं सारखंच येते.

मी लेकरू घेऊन मांगं पळाली तं स्टुडिओले कुलूप. पानवाला म्हणे, अनुसयाबाई भावाकडं चालली भुसावळले, कायमची, फिल्मच नाई तं काय करन. मी तशीच टेशनवर पळाली, पायात चप्पल नाई.

ती फलाटावर होती. कॅमेरा गोधडीत बांधेल, ते गाठोडं कडेवर अन् चकरा मारत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्या कार्ड वाचून दाखवलं. मले रडू आलं, शब्द तुटत होते, तरी तिनं सारं ऐकलं, चालता चालता. मंग थांबली. गाठोडं खाली ठेवलं.

गौतमच्या गालावर म्या लावेल तीट होती, रोजची. तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं अन् ती तीट पुसली. जिनं कोणत्या लेकराले तीटीबिगर कॅमेऱ्यापुढं बसू देल्लं नाई, तिनं पुसली. सारी पुसली. मंग त्या काळ्या बोटायनं त्याची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली, एक डोळा मिटला अन् पाह्यलं. लय पाह्यलं. गौतम हसला तिच्याइकडं पाहून.

"लेह त्याले," ती म्हणाली. "एक डाग आपल्या बापाकडून आणला म्हणाव लेकरानं, अन् एक अनुसयाच्या बोटाचा हाय. नाव घालून लेह माहं. खुशाल लेह."

"अन् तोंडाचं, मावशी? तोंडाचं काय लेहू?"

"तोंड सांगता आलं असतं तं म्या जनमभर कॅमेरा काहाले वागवला असता व?"

गाडी आली. गर्दीत ती चढली, गाठोडं आधी फेकलं अन् मंग स्वतः. खिडकीतून हात बाहेर काढला. गाडी हलली तरी तिचं एक बोट बाहेर होतं, काळं, वर केलेलं, अन् ती ओरडत होती, "एक! एकच म्हणाव त्याले! दुसरा माहा!" डबा वळणावर गेला तरी ते बोट मले दिसत होतं, अन् मले वाटते आतबी ती बसली नसन.

आता उत्तराचं कार्ड माह्यापुढं हाय. डागायचं लेहून झालं, दोन ओळीतच झालं. तोंडाचं लेहाले बसतो तं नाक लेहतो, डोळे लेहतो, दात लेहतो, अन् वाचून पाह्यलं का ते कोणाचंबी लेकरू वाटते. सासू दारातून विचारते, "झालं का लेहून?" गौतम कार्ड ओढाले येते. अन् मले राहून राहून तो लाल उजेड दिसते. बायांनो, तुम्ही तिथं असत्या, बाहेर गाडीची घाई, ओट्यावर सासू, खांद्यावर लेकरू, अन् ती काळ्या बोटायची बाई दोन बाटल्या हातात घेऊन तुमच्यापुढं उभी असती, तं तुम्ही काय मागतलं असतं? तोंड, का डाग?